किल्ट : नित्य की नैमित्तिक?

किल्ट हे स्कॉटलंडमधील पुरुषांचे कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचे लोकरी वस्त्र. पुढच्या बाजूला कापडाचे दोन सपाट पाखे एकावर एक येतात, मागे शिवून पक्क्या केलेल्या चुण्या असतात आणि कंबरेला चामडी पट्टे व बकले लावून ते आवळले जाते. पारंपरिक पद्धतीच्या किल्टला आठ वार कापड लागते आणि त्यातले बहुतेक मागच्या चुण्यांतच जाते. खिसे नसतात, म्हणून पुढे स्पोरन नावाची चामडी पिशवी साखळीने अडकवतात. बसताना मागच्या चुण्या तळहाताने सारख्या करत खाली घ्याव्या लागतात, नाहीतर त्या चुरगळतात. बसल्यावर स्पोरन मांडीवर येते आणि पुढचे कापड दाबून धरते. सवय झालेला माणूस हे सगळे बोलता बोलता करतो. भाड्याने किल्ट आणून लग्नाला आलेला पाहुणा मात्र खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला लगेच ओळखू येतो.

स्कॉटलंडमध्ये लग्नाला, पदवीदानाला, रग्बीच्या सामन्याला किंवा ३१ डिसेंबरच्या रात्री किल्ट घातलेल्या पुरुषाकडे कोणी वळूनही पाहत नाही. १० जून १९९८ रोजी फ्रान्समध्ये विश्वचषक फुटबॉलचा पहिला सामना झाला. ब्राझीलविरुद्ध खेळायला आलेला स्कॉटलंडचा संघ सामन्याआधी किल्ट घालूनच मैदानात फिरला आणि प्रेक्षकांनी त्याचे कौतुक केले. पण तोच किल्ट घालून एखादा पुरुष मंगळवारी दुपारी दूध-पाव आणायला निघाला, की चित्र बदलते. कोणी हसून हात करतो, कोणी मागून शीळ घालतो, कोणा पर्यटकाला त्याचा फोटो हवा असतो. आणि ओळखीचा माणूस हमखास विचारतो, की आज काय विशेष? स्कॉटलंडबाहेर या प्रश्नाची धार आणखी वाढते.

या प्रश्नावरून किल्टप्रेमींमध्येच दोन तट पडतात. किल्ट हा प्रसंगाचा पोशाख आहे आणि तो तसाच राहावा, असे मानणाऱ्यांना येथे नैमित्तिक पक्ष म्हटले आहे. इतर कपड्यांसारखा तो कोणत्याही दिवशी, कोणत्याही कामाला घालता यावा, असे म्हणणारा तो नित्य पक्ष. किल्टची थट्टा करणारे लोक या वादात नाहीत. दोन्ही पक्षांना किल्ट हवाच आहे; लोकांच्या नजरेचे काय करायचे, एवढ्यावरच त्यांचे जमत नाही.

वादाची सुरुवात बहुधा इतिहासापासून होते.

नैमित्तिक : आज जो किल्ट लोकांच्या डोळ्यांपुढे आहे, तो समारंभाने घडवलेला आहे. १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. गादीवर असलेला राजा स्कॉटलंडला येण्याची ही जवळपास पावणेदोनशे वर्षांतली पहिलीच वेळ होती. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी सगळा सोहळा आखला आणि राजासकट सर्वांना टार्टनमध्ये, म्हणजे रंगीत चौकड्यांच्या लोकरी कापडात, उभे केले. किल्ट राष्ट्राचा पोशाख झाला तो तिथून. मिरवणुकीत वाढलेला पोशाख मिरवणुकीतच शोभतो.

नित्य : आपण मधूनच गोष्ट सुरू करता. १६ व्या शतकाच्या अखेरीस हायलँड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले लोक जे लांबलचक लोकरी वस्त्र कंबरेला पट्टा बांधून नेसत, ते दिवसा अंगावर आणि रात्री पांघरायला, असे दुहेरी कामाचे होते. त्याचा खालचा अर्धा भाग सुटा होऊन आजचा आखूड किल्ट झाला. १७८५ मध्ये छापलेल्या एका पत्रात त्याचे श्रेय लँकशायरहून आलेल्या टॉमस रॉलिन्सन या लोखंडाच्या कारखानदाराला दिले आहे. इन्व्हर्गॅरीच्या त्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या मजुरांना मोठे वस्त्र अडचणीचे होत होते, म्हणून त्याने ते कापवले. म्हणजे किल्टचा जन्म कामावरचा ठरतो.

रॉलिन्सनची ही कथा इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ च्या एका गाजलेल्या निबंधात पुन्हा पुढे आणली. त्यांचा हेतू मात्र वेगळा होता : ज्याला स्कॉटिश लोक पुरातन वारसा मानतात, त्याचा कर्ता एक इंग्रज होता, हे त्यांना दाखवायचे होते. आखूड किल्ट रॉलिन्सनच्या आधीही कुठे कुठे वापरात होता, असे म्हणून इतरांनी या मताला हरकत घेतली. वाद कोणत्याही बाजूने सुटला, तरी १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात किल्ट हा गुराख्यांचा, मजुरांचा आणि शिपायांचा पोशाख होता, एवढे दोन्ही पक्षांना मान्य करावे लागते. नित्य पक्षाचा हा मुद्दा भक्कम आहे. पण त्याच्या पुढचा इतिहास त्याला तितकासा अनुकूल नाही.

पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी १७४५ मध्ये झालेल्या जॅकोबाइट बंडाचा शेवट १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर झाला. त्याच वर्षी पार्लमेंटने डोंगरी पोशाखावर बंदी घालणारा कायदा केला. स्कॉटलंडमधल्या पुरुषाने किंवा मुलाने किल्ट घातला, की पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्यांदा सापडल्यास सात वर्षांसाठी समुद्रापलीकडच्या वसाहतींत रवानगी. सवलत होती ती राजाच्या सैन्यात असलेल्यांना. बंदी १७८२ मध्ये उठली. या ३६ वर्षांत एक पिढी विजारीत वाढली, आणि कायदा रद्द झाल्यावर शेतावरच्या माणसाने जुना पोशाख पूर्वीसारखा काही उचलला नाही. तो टिकून राहिला पलटणींत, आणि मग लंडन-एडिंबरोच्या हौशी मंडळींत. किल्टवरच्या आजच्या प्रतिक्रियांचे मूळ या खंडात आहे. रोजच्या अंगावरून जे एकदा उतरले, ते परत आले तेव्हा गणवेश किंवा उत्सववेष होऊनच आले.

१८२२ चा सोहळाही सगळ्यांना रुचला नव्हता. स्थूलदेही राजाने आखूड किल्टखाली त्वचेच्या रंगाचे तंग मोजे चढवले होते आणि व्यंगचित्रकारांनी त्यावर यथेच्छ हात धुऊन घेतले. किल्ट फारच वर गेल्याची कुजबुज दरबारातही झाली; राजेसाहेबांचा मुक्काम थोडाच आहे, तेव्हा जितके दर्शन घडेल तितके बरे, अशा अर्थाचा शेरा एका सरदार घराण्यातील बाईंच्या नावावर सांगितला जातो. पुढे थॉमस मेकॉले यांनी आपल्या इंग्लंडच्या इतिहासात या प्रसंगाला खरमरीत टोला दिला. भारतात १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे ठाऊक असलेले हेच ते मेकॉले, आणि घराण्याने स्वतः डोंगरी स्कॉट. इंग्लंड आणि स्कॉटलंड एक होण्यापूर्वी दहांतले नऊ स्कॉटिश लोक ज्याला चोराचा पोशाख समजत, तो चढवून राजाने स्कॉटलंडचा मान राखायचे ठरवले, असा त्या टोल्याचा मथितार्थ. सखल प्रदेशातल्या, म्हणजे ग्लासगो-एडिंबरोकडच्या लोकांना डोंगरी माणूस शतकानुशतके गुरे पळवणाराच वाटत आला होता. तेव्हा किल्टला पहिली नावे ठेवली ती परक्यांनी नव्हे. ती शेजारच्यांनी ठेवली.

सैन्याचा दाखला नैमित्तिक पक्ष अभिमानाने देतो, पण तोही दुधारी आहे. १८०९ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने सहा हायलँड पलटणींचा किल्ट काढून घेतला. कारण असे, की डोंगरात पुरेसे तरुण उरले नव्हते आणि दक्षिणेकडच्या, इंग्लंडच्या तरुणांना हा पोशाख नकोसा वाटे; तो गेला तर भरती सोपी होईल. या सहांत ७४ वी पलटण होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, शिंदे आणि भोसले यांच्या फौजेसमोर जिची सर्वांत भयंकर हानी झाली, तीच ही. लढाईत नाव मिळवलेल्या पलटणीलाही इंग्रज रंगरूट किल्टमुळे मिळेना, यावरून त्या काळातल्या सामान्य माणसाच्या मनातली अढी किती घट्ट होती ते कळते. शंभर वर्षांनी, पहिल्या महायुद्धात मात्र किल्टवाल्या पलटणींना ‘नरकातून आलेल्या बायका’ असे टोपणनाव पडले आणि त्यांनी ते मिरवले.

आजच्या काळाकडे वळले, की चर्चेचा सूर बदलतो.

नित्य : किल्ट उबदार आहे, चालायला मोकळा आहे, पावसात भिजलेली विजार पायाला चिकटते तसा तो चिकटत नाही. डोंगर चढणारे कित्येक जण म्हणूनच तो घालतात. मग दुकानात जाताना तो का चालू नये? लोक बघतात, एवढेच ना कारण?

नैमित्तिक : लोक बघतात, हे कारण लहान नाही. लग्नात किल्ट घातला की बघणाऱ्याला त्याचा अर्थ आयता मिळतो. मंगळवारी दुपारी तो मिळत नाही, म्हणून बघणारा स्वतःच एखादा अर्थ लावतो : हा वाद्यवाला असेल, पर्यटकांसाठी उभा असेल, पैज हरला असेल किंवा लक्ष वेधून घ्यायचे असेल. आपल्या कपड्याने दुसऱ्याला कोड्यात का टाकावे?

नित्य : चार जण रोज घालू लागले की कोडे उरणार नाही.

नैमित्तिक : आणि लग्नाला घालण्यासारखे काही उरणार नाही.

शेवटच्या दोन वाक्यांत दोघांच्याही भूमिकेचे सार आहे, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. व्यवहारात नित्य पक्षाने एक मधला मार्ग काढला आहे. आखूड काळा कोट, रुपेरी बटणे, केसाळ स्पोरन, पायमोज्यात खोचलेला छोटा सुरा, हा सगळा सरंजाम बाजूला ठेवायचा. साधा स्वेटर, जाड मोजे, डोंगरात चालायचे बूट आणि गडद, फारसे डोळ्यांत न भरणारे टार्टन एवढ्यावर भागवायचे. असा माणूस समारंभातून वाट चुकल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे रस्त्यावरचे शेरेही कमी होतात. सुऱ्याबद्दल एक सांगण्यासारखे : सार्वजनिक ठिकाणी पाते बाळगण्यावर ब्रिटनमध्ये कडक निर्बंध आहेत, पण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ते बाळगले असेल तर तो बचाव कायद्यात मान्य आहे. इथे कायदासुद्धा नकळत नैमित्तिक पक्षाच्या बाजूने झुकतो, कारण दूध आणायला निघालेल्या माणसाला तो बचाव मांडणे जड जाईल.

किल्ट घालणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकावा लागणारा दुसरा प्रश्न म्हणजे आत काय घातले आहे. काही न घालणे हीच खरी रीत, अशी समजूत पलटणींच्या गोष्टींतून पसरली. हायलँड नृत्याच्या स्पर्धांत आत काही घालणे बंधनकारक असते. २०१० मध्ये स्कॉटिश टार्टन्स अथॉरिटी या संस्थेनेही, विशेषतः भाड्याचे किल्ट घालणाऱ्यांनी अंतर्वस्त्र घालावे, आरोग्याला तेच बरे, असा सल्ला दिला आणि वर्तमानपत्रांना काही दिवसांचे खाद्य मिळाले.

प्रश्न विनोदात निघतो तोवर ठीक. पण अनेकदा तो हाताने विचारला जातो. २०१७ मध्ये इन्व्हर्नेसमधल्या एका पबच्या वाढप्यांनी किल्ट सोडून विजारी घातल्या. दारू प्यालेल्या बायकांचे घोळके त्यांना गराडा घालत, किल्ट उचलून पाहत, आणि हातात ग्लासांनी भरलेला ट्रे असल्याने त्यांना काही करता येत नसे. ही बातमी अनेकांनी गंमत म्हणून वाचली. एखाद्या वाढपिणीचा स्कर्ट पुरुषांनी असा उचलला असता तर ती कोणी गंमत म्हणून छापली नसती.

या मुद्द्यावर दोन्ही पक्ष एक होतात, हे विशेष. नैमित्तिक पक्षाला पोशाखाचा मान जातो याचे दुःख, नित्य पक्षाला माणसाचा. स्कॉटलंडने २०१० मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने २०१९ मध्ये कपड्यांखालून चोरून चित्रीकरण करणे हा गुन्हा ठरवला. दोन्हीकडच्या तरतुदी स्त्री-पुरुष असा भेद करत नाहीत, त्यामुळे किल्टमधल्या पुरुषालाही त्यांचे संरक्षण आहे. आपल्या मर्जीविरुद्ध कोणी किल्ट उचलला, तर त्यासाठी वेगळ्या कायद्याची गरजच नाही. तो अंगावर हात टाकणेच झाले. तरीही तक्रार करणारा पुरुष हसण्यावारी नेला जातो, ही तक्रार नित्य पक्ष वारंवार मांडतो आणि ती खरी आहे.

स्कॉटलंडच्या बाहेर, विशेषतः अमेरिकेत, वाद आणखी एका अंगाने वाढतो. २००५ मध्ये मिसूरी राज्यातल्या एका शाळेत नाचाच्या समारंभाला किल्ट घालून आलेल्या विद्यार्थ्याला विजार घालून येण्यास सांगण्यात आले. त्याच्या घराण्याचे मूळ स्कॉटिश होते, समारंभही होता. म्हणजे नैमित्तिक पक्षाच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या होत्या. पण तो पोशाख औपचारिक आहे, हे शाळेलाच पटले नाही. निमित्त नुसते असून भागत नाही, पाहणाऱ्याला ते ओळखताही यावे लागते, हे या प्रकरणाने दाखवले. तिथे नैमित्तिक पक्षाची मांडणी अपुरी पडते.

नित्य पक्षाने अमेरिकेत वेगळीच वाट धरली. २००० च्या सुमारास सिअ‍ॅटलमध्ये युटिलिकिल्ट्स ही कंपनी सुरू झाली. लोकर नाही, टार्टन नाही; जाड सुती कापड, मोठाले खिसे आणि हत्यारे अडकवायची सोय. पूर्वजांचा दाखला सोडून देऊन सोयीवर सगळा भर. २००८ मध्ये त्याच वॉशिंग्टन राज्यातल्या एका टपालवाटपकाने पुढचे पाऊल टाकले. टपालवाटपकांच्या गणवेशात किल्टचा पर्याय असावा, असा ठराव त्याने त्यांच्या संघटनेच्या बॉस्टनमधील राष्ट्रीय अधिवेशनापुढे आणला. दिवसभर पायी फिरणाऱ्या माणसाला मांड्या घासण्याचा त्रास होतो, विजारीपेक्षा किल्ट बरा, हा त्याचा साधा युक्तिवाद. ठराव मोठ्या मताधिक्याने पडला.

नैमित्तिक : पहा, सोय पटूनही लोकांनी नाकारलेच.

नित्य : सोय नाकारली नाही, विजार नसलेला पुरुष नाकारला. किल्टला टार्टनचे कवच असते तोवर तो ‘परंपरा’ म्हणून सुटतो. कवच काढले की लोकांना फक्त स्कर्ट दिसतो.

हे निरीक्षण या साऱ्या चर्चेतले सर्वांत मोलाचे आहे. पुरुषांच्या कपड्यांचा इतिहासही त्याला दुजोरा देतो. १८ व्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पुरुषांनी रंग, झालर आणि नटणे सोडून गडद, साधा, विजारीचा पोशाख स्वीकारला. मानसशास्त्रज्ञ जॉन कार्ल फ्ल्यूगेल यांनी १९३० च्या आपल्या ग्रंथात याला पुरुषांचा महान त्याग म्हटले. त्यांचा सहभाग असलेला, पुरुषांच्या पोशाखात सुधारणा मागणारा एक पक्षच लंडनमध्ये १९२९ मध्ये निघाला होता. ताठ कॉलर जावी, विजारीऐवजी अर्धी चड्डी किंवा किल्ट यावा, अशा त्याच्या मागण्या. वर्तमानपत्रांनी टर उडवली आणि १९४० पर्यंत पक्ष विरून गेला. स्त्रिया त्याच काळात हळूहळू विजारीकडे सरकल्या आणि आज त्यांना कोणी विचारत नाही. उलट दिशेची वाट पुरुषांसाठी बंदच राहिली.

ती कधी उघडते, याचे एक उदाहरण २०१७ च्या जूनमधले. कडक उन्हाळ्यात अर्ध्या चड्डीला परवानगी नसल्याने फ्रान्समधील नांत शहरातले बसचालक आणि इंग्लंडमधील एक्सेटरच्या एका शाळेतली मुले स्कर्ट घालून कामाला आणि वर्गात आली. जगभर त्यांचे कौतुक झाले, नांतच्या चालकांना अर्ध्या चड्ड्याही मिळाल्या. निषेध हेही एक निमित्तच. लोकांना ते समजले, म्हणून टाळ्या पडल्या. चड्ड्या मिळाल्यावरही एखादा चालक स्कर्टमध्ये येत राहिला असता, तर टाळ्या किती दिवस टिकल्या असत्या, हा नित्य पक्षाचा प्रश्न अनुत्तरित आहे.

किल्ट घालण्याचा हक्क कोणाला, हा उपवाद त्यामानाने लवकर आटोपतो. अमुक टार्टन अमुक घराण्यानेच घालावे, असा कायदा नाही. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या टार्टन नोंदवहीत संस्था, शहरे, कंपन्या यांची टार्टने आहेत, आणि ‘सिंग’ नावाचे शिखांसाठीचे टार्टनही आहे. ग्लासगोतल्या लग्नात पगडी आणि किल्ट एकत्र दिसले तर आता कोणाला नवल वाटत नाही. रक्ताचा दाखला मागणारे थोडेच, आणि बहुधा ते स्कॉटलंडबाहेरचे असतात.

भारतातून या वादात दाखला द्यायचा झाला तर नित्य पक्ष चेन्नईचा देतो. २०१४ च्या जुलैमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांना वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, नेसल्यामुळे तिथल्या एका क्लबात प्रवेश नाकारला गेला. लोक खवळले आणि पुढच्याच महिन्यात तमिळनाडू विधानसभेने, सार्वजनिक जागांत वेष्टीला मज्जाव करता येणार नाही, असा कायदा केला. लोकांच्या नजरेपुढे मान न तुकवता नियमच बदलता येतो, असे नित्य पक्षाला यातून दाखवायचे असते. नैमित्तिक पक्षाचे उत्तर असे, की चेन्नईच्या रस्त्यावर वेष्टीला कोणी कधी हटकलेच नव्हते. अडवणूक होती ती मूठभर क्लबांच्या दारात, वसाहतकाळातून चालत आलेली. रस्ता वेष्टीच्या बाजूने होता, म्हणून विधानसभेला महिनाभरात कायदा करता आला. एडिंबरोत गोष्ट नेमकी उलटी आहे : तिथल्या प्रतिष्ठित मेजवान्यांचे दार किल्टला सताड उघडे असते आणि प्रश्न येतात ते बसथांब्यावर.